भुतंखेतं, चकवे आणि न उलगडलेल्या गोष्टी: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एका ऑफिसात हिशेब लिहिते. आजोळ सिंधुदुर्गात. गेली वीसेक वर्षं फावल्या वेळात ‘विचित्र’ गोष्टी गोळा करते: कोणी काय पाहिलं, कुठे, कधी. लग्नाच्या पंगतीत, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून काढली.

तुमचा भुतांवर विश्वास आहे का?

नाही. पण भुतांच्या गोष्टींवर माझा जीव आहे. हे दोन्ही एकाच माणसात नांदू शकतं, हे लोकांना पटत नाही. एकतर मला देव्हाऱ्यासमोर अंगारा लावणारी समजतात, नाहीतर मोर्चात घोषणा देणारी. मी फक्त पावती मागणारी बाई आहे. ऑफिसात कोणी साडेसातशे रुपये खर्च दाखवला की मी व्हाउचर मागते. तसंच कोणी ‘हडळ दिसली’ म्हणालं की मी विचारते: कोणाला दिसली? तुम्हाला, की तुमच्या काकांच्या मित्राला?

दहांपैकी नऊ वेळा मित्रालाच दिसलेली असते.

हा नाद लागला कसा?

आजोळी संध्याकाळी दिवे जायचे आणि आजी भुतांची जंत्री सुरू करायची. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्याजवळ, ब्रह्मसमंध धनाच्या हंड्यावर, खवीस वेगळा, झोटिंग वेगळा. प्रत्येकाची जागा, जात, मरण्याचं कारण आणि मागणी ठरलेली. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा. हडळीची कथा बहुतेक वेळा बाळंतपणात गेलेल्या बाईची. मोठी झाल्यावर लक्षात आलं की ही यादी भुतांची कमी आणि गावाच्या दुःखांची जास्त आहे. कोण अर्ध्यावर गेलं, कोणाचं राहून गेलं, याची ती नोंदवही.

आणि त्यात देवचार होता. तो घाबरवणारा नाही, राखणदार. गावाची वेस सांभाळणारा, हातात काठी, खांद्यावर घोंगडी, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडणारा. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे देवाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावात गस्त घालतो आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. लहानपणी त्या वहाणा बघून मला भीती वाटली नव्हती, हायसं वाटलं होतं. कोणीतरी जागं आहे म्हणून.

मलाही हे करायचंय. सुरुवात कुठून करू?

शंभर पानी वही आणि पेन. मीटर-बिटर नंतर, किंवा कधीच नको.

काही दिसलं, ऐकू आलं, की त्याच रात्री लिहा. वेळ घड्याळात बघून लिहा, ‘मध्यरात्रीच्या सुमारास’ असं नको. कुठल्या दिशेला, किती वेळ, हवा कशी होती, चंद्र होता का, सोबत कोण होतं. सोबत कोणी असेल तर एकमेकांशी बोलण्याआधी दोघांनी वेगवेगळं लिहा. हा एक नियम पाळलात तर अर्धी लढाई जिंकलात, कारण माणसं बोलता बोलता एकमेकांची आठवण दुरुस्त करतात आणि शेवटी दोघांनाही तेच दिसलेलं असतं जे दोघांपैकी मोठ्याने बोलणाऱ्याला दिसलं.

याचं उत्तम उदाहरण विदर्भातलं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, आठच्या आसपास. आकाशात जळत्या ठिणग्यांची रांग सावकाश सरकत गेली. हजारोंनी पाहिली, शेकडोंनी मोबाईलवर टिपली. त्या रात्री माझ्या फोनवर उल्कापात, क्षेपणास्त्र, परग्रहावरचं यान आणि ‘पाडव्याला देवाने दिलेला संकेत’ असे चारही अर्थ आले. इतक्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, आठ-दहा फूट व्यासाची धातूची तप्त कडी येऊन पडली. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा एक टप्पा काम संपल्यावर वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होता, तो वातावरणात शिरून जळला, असा उलगडा तज्ज्ञांनी केला.

उल्का काही सेकंदांत विझते. हे मिनिटभर तरी चाललं, आडवं गेलं आणि तुकडे एका ओळीत राहिले. ज्यांनी ‘किती वेळ’ आणि ‘कोणत्या दिशेने’ एवढंच नोंदवलं होतं त्यांना उत्तर शोधायला कडी पडायची वाट बघावी लागली नसती. हल्ली आकाशात मण्यांच्या माळेसारखे दिवे दिसले म्हणून फोन येतात, ते बहुधा स्टारलिंकचे उपग्रह असतात. नुकतेच सोडलेले असताना ते असेच रांगेत चालतात.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये कोणी राहत नाही, तरी रात्री गोट्या घरंगळल्याचा आवाज येतो. काय असेल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. मुंबई, पुणे, नाशिक, सगळीकडून, आणि प्रत्येकाला वाटतं की फक्त आपल्याच बिल्डिंगमध्ये.

पाण्याच्या पाइपात नळ किंवा व्हॉल्व्ह अचानक बंद झाला की वाहतं पाणी थडकतं आणि दाबाची लाट पाइपभर मागे-पुढे आपटत राहते. टक्... टक्, टक्, टकटकटक. प्रत्येक ठोका आधीच्यापेक्षा कमी जोराचा. गोटी पडून उसळ्या घेत थांबते तेव्हाही कानाला हेच ऐकू येतं. शिवाय काँक्रीटमधून आवाज लांबवर जातो, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लशचा आवाज सातव्याला ‘डोक्यावर’ वाटतो. दिवसा तापलेला स्लॅब आणि पाइप रात्री आकसतात, तेही कडकडतात.

आमच्या सोसायटीत मी आठवडाभर वेळा लिहिल्या. आवाज रोज पहाटे चार पस्तीस ते चार पन्नासच्या दरम्यान. वॉचमनला विचारलं, पंप किती वाजता लावतो? ‘साडेचारला, मॅडम. पावणेपाचला टाकी भरते, बंद करतो.’ पाचव्या मजल्यावरच्या काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या जरा हिरमुसल्याच. त्यांनी त्या गोट्या खेळणाऱ्या मुलाला नावसुद्धा ठेवलं होतं.

झोपेत छातीवर कोणीतरी बसतं, हात-पाय हलत नाहीत, ओरडता येत नाही. हे काय?

आधी एक सांगते: तुम्ही खोटं बोलत नाही आणि तुम्हाला वेड लागलेलं नाही. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना ‘बंद’ करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नात धावताना पलंगावरून पडलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायूंचं कुलूप उशिरा निघतं. मधले ते काही सेकंद ते एक-दोन मिनिटं डोळे उघडे, शरीर जखडलेलं आणि स्वप्नाचा उरलेला तुकडा खोलीत सांडलेला. दाराशी कोणी उभं आहे, छातीवर भार आहे, हे त्यातूनच येतं. आपल्याकडे त्याला मुंजा म्हणतात, न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण म्हणतात. अनुभव एकच, बसणारा वेगळा.

उताणं झोपल्यावर, जागरणं झाल्यावर, शिफ्ट बदलल्यावर हे जास्त होतं. बोट किंवा जीभ हलवायचा प्रयत्न करा, बहुतेकदा तेवढ्याने सुटतं. वारंवार होत असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मांत्रिकाला नको.

चकवा खरंच लागतो का?

लागतो. हा एकच प्रश्न आहे ज्याला मी बेधडक ‘हो’ म्हणते, आणि समोरचा दचकतो.

माझ्या मामाला लागला होता. तालुक्याहून रात्री पायी येताना, घरापासून अर्ध्या मैलावर, तीन वेळा त्याच काजूच्या झाडापाशी पोचला. २००९ साली जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात ‘सरळ चाला’ असं सांगून सोडलं, अंगावर जीपीएस लावून. ऊन किंवा चांदणं होतं तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळायला लागली आणि स्वतःचीच वाट ओलांडून गेली, त्यांना पत्ताही नाही. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीस मीटर व्यासाची. एक पाय लांब-आखूड असतो म्हणून असं होतं ही जुनी समजूत यात टिकली नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, याचा आतला अंदाज थोडा थोडा घसरत जातो आणि बाहेर दुरुस्त करायला काही खूण नसते.

आता आमच्या गावातला तोडगा ऐका. चकवा लागला असं वाटलं की जागच्या जागी बसायचं, विडी पेटवायची आणि उजाडायची वाट बघायची. विडी सोडली तर यात बदलण्यासारखं काही नाही.

प्लँचेट केलं तर आत्मा येतो का?

आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत आला होता. पाटावर खडूने अक्षरं, मधे वाटी, वाटीवर पाच चुलत-मावस भावंडांची बोटं. आजोबांना बोलावलं. वाटी खरोखर सरकली, अंगावर काटा आला, आणि आजोबांनी एकेक अक्षर गाठत ‘आशिर्वाद’ असं लिहिलं. शि ऱ्हस्व. आजोबा जन्मभर मराठीचे मास्तर. दीर्घ शीसाठी त्यांनी आम्हाला पट्ट्या मारल्या होत्या. ती चूक आमच्या एकाच भावंडाची होती, आणि तो शपथेवर सांगत होता की मी ढकललं नाही.

तो खरं बोलत होता, हे मला नंतर कळलं. १८५३ साली, इंग्लंडात ‘टेबल हलवण्याची’ लाट आली असताना, मायकल फॅरेडेने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवून पाहिलं. टेबल आधी हललं असतं तर खालचे थर आधी सरकले असते. सरकले वरचे, हाताकडचे. माणसं ढकलत होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. अपेक्षेने स्नायू आपोआप हलतात, एवढाच ‘आत्मा’. घरी तपासायचं असेल तर सगळ्यांचे डोळे बांधा आणि पाट गुपचूप फिरवून ठेवा. आत्म्याचं शुद्धलेखन पार बिघडतं.

लहान मुलांना, किंवा घरात नुकतं कोणी गेलं असेल तर, हा खेळ नको. त्यातून जे वर येतं ते आपल्याच आतलं असतं, आणि ते नेहमी हसण्यावारी नेता येत नाही.

शनिवारवाड्यात अमावास्येला ‘काका, मला वाचवा’ ऐकू येतं म्हणतात...

३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी वाड्यातच कापलं. सुमेरसिंग गारदी त्यांचा म्होरक्या. रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी धरलं. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, ध चा मा आनंदीबाईंनी केला, ही कथा सगळ्यांना पाठ आहे, पण पुरावा म्हणून ती फार लुळी आहे. तो मूळ कागद कोणी पुढे ठेवलेला नाही.

आणि वाडा? १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज आहे तो तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. संध्याकाळी दरवाजे बंद होतात, तेव्हा रात्रीची हाक ऐकणारा बाहेर रस्त्यावर उभा असतो, पुण्याच्या रिक्षा आणि हॉर्नच्या गदारोळात. ‘मी स्वतः ऐकली’ म्हणणारा माणूस मी पंधरा वर्षं शोधतेय. अजून भेटलेला नाही.

तरीही ही कथा मला खोटी म्हणून फेकून द्यावीशी वाटत नाही. एका पोराला त्याच्या घरच्याच माणसांच्या राजकारणात मारलं, हे पुण्याने अडीचशे वर्षं विसरायला नकार दिलाय. ते मला भुतापेक्षा मोठं वाटतं.

भुतं शोधायचे मीटर, कॅमेरे, ॲप: कोणतं घेऊ?

कोणतंच नको. ते दिव्यांचे मीटर वायरिंग आणि तुमच्याच खिशातल्या मोबाईलने पेटतात. फोटोतले पांढरे गोळे म्हणजे फ्लॅशजवळची धूळ किंवा पावसाचा थेंब. ॲपबद्दल बोलायलाच नको.

घ्यायचंच तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. हे गमतीने म्हणत नाही. १९२१ साली अमेरिकेतल्या नेत्रविज्ञानाच्या एका नियतकालिकात विल्मर नावाच्या डॉक्टरने एका कुटुंबाची हकीकत छापली: पावलांचे आवाज, सावल्या, रात्री पलंगाशी उभी माणसं, झाडं मरतायत, मुलं फिकी पडतायत. भट्टी नादुरुस्त होती, धूर घरात येत होता. दुरुस्त केली, भुतं गेली. आपल्याकडे बंद बाथरूममधला गॅस गीझर हेच करतो, आणि भूत दाखवायच्या आधी जीव घेतो.

विक टँडीची गोष्टही अशीच. कॉव्हेंट्रीतला इंजिनियर, प्रयोगशाळेत एकटा. घाम, धडधड, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती. वळून बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं शिकंज्यात अडकवलं, तर ते आपोआप थरथरायला लागलं. नवा बसवलेला पंखा सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज करत होता. पंखा दुरुस्त केला, करडी बाई गेली. १९९८ मध्ये त्याने हे लिहून प्रसिद्ध केलं. पुढे प्रत्येक ‘झपाटलेल्या’ जागेला हेच कारण लावायची टूम निघाली, आणि ते मात्र सिद्ध झालेलं नाही. उलगडा सुद्धा पावतीशिवाय घेऊ नये.

१९९५ ला गणपती दूध प्यायला होता. तेव्हा तुम्ही कुठे होता?

रांगेत. २१ सप्टेंबरला, हातात वाटी-चमचा घेऊन. माझ्या चमच्यातलं दूधही ‘प्यायलं’. चमचा टेकवला की पृष्ठताणामुळे दूध दगडाला धरून खाली ओघळतं, ओल्या मूर्तीवरून पातळ थरात पसरतं, म्हणून दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला तेव्हा ओघळ दिसला. आम्हाला मात्र गाभाऱ्यातून बाहेर येणारी मोरी पांढरी झालेली दिसत होती, आणि कोणी काही बोललं नाही. मीही नाही.

सगळं उलगडत गेलं की मजा जात नाही का?

उलट. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत एका सुक्या तळ्याच्या मातीवर मोठाले दगड आपोआप सरकतात, मागे लांब चर सोडून. कोणी सरकताना पाहिलं नव्हतं. काही संशोधकांनी दगडांत जीपीएस बसवले आणि वाट बघत राहिले. डिसेंबर २०१३ मध्ये त्यांच्या डोळ्यांदेखत दगड चालले: रात्री उथळ पाण्यावर खिडकीच्या काचेएवढा पातळ बर्फ जमतो, उन्हाने तडकतो, आणि मंद वाऱ्याने त्या लाद्या दगडाला हळूच ढकलतात. ते उत्तर कुठल्याही भुतापेक्षा देखणं आहे.

लोणारचंही तसंच. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि माझ्या व्हॉट्सॲपवर प्रलय आला. पाणी कमी झालेलं, खारेपणा वाढलेला, त्यात मीठ आवडणारे गुलाबी सूक्ष्मजीव माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेत नमुना न हलवता ठेवला, तर ते जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट रूपकुंडाची, कारण तिथे उलगडा करायला गेले आणि गुंता वाढला.

उत्तराखंडात, चमोली जिल्ह्यात, सुमारे पाच हजार मीटर उंचीवर एक छोटं तळं. १९४२ साली एका वनरक्षकाला तिथे मानवी सांगाडे दिसले, शेकडो. महायुद्धाचे दिवस, म्हणून आधी जपानी सैनिकांची शंका. पण हाडं जुनी निघाली. स्थानिक लोकगीत वेगळंच सांगतं: नंदादेवीच्या यात्रेत राजा नाचणाऱ्या बायका घेऊन गेला, देवी कोपली आणि लोखंडासारख्या गारा बरसल्या. २००४ च्या मोहिमेनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या तज्ज्ञांनी कवट्या तपासल्या. काहींवर वरून बसलेले गोल घाव, खाली शरीरावर जखमा नाहीत. म्हणजे गारा! लोकगीत खरं! त्याच सुमाराला डीएनएच्या पहिल्या चाचण्यांवरून बातमी आली की यातल्या काहींचं नातं कोकणस्थ ब्राह्मणांशी जुळतं. आमच्या ऑफिसातल्या एका गोऱ्या-घाऱ्या सहकाऱ्याने महिनाभर ‘आमचे पूर्वज हिमालयात’ म्हणून मिरवून घेतलं.

मग २०१९. ३८ सांगाड्यांचा डीएनए नव्याने, बारकाईने वाचला गेला. २३ जण भारतीय उपखंडातले, पण तेही एकाच वेळी मेलेले नाहीत, सातव्या ते दहाव्या शतकांत वेगवेगळ्या वेळी. एक जण आग्नेय आशियातला. आणि १४ जण थेट पूर्व भूमध्य प्रदेशातले, आजच्या क्रीट-ग्रीसच्या लोकांशी जवळचे. ते गेले सुमारे १८०० साली. म्हणजे पेशवाईच्या अखेरीस चौदा भूमध्यसागरी माणसं, बाया-पुरुष दोन्ही, नात्यातली नसलेली, हिमालयात पाच हजार मीटरवर मरतात आणि त्यांच्या प्रवासाचा एकही कागद सापडत नाही. साथीच्या जंतूंचा माग मिळाला नाही. हाडांवरून आहारही वेगळा दिसतो.

एका गारपिटीत सगळं संपलं, हा सुबक शेवट गेला. मी हिशेबनीस, मला ताळा जुळला नाही की झोप येत नाही. पण या एका खात्यात फरक दिसतो याचा मला विलक्षण आनंद होतो.

पुनर्जन्माच्या घटनांचं काय?

नागपूरची ‘शारदा’. १९७४ च्या सुमारास एका मराठी प्राध्यापिकेच्या तोंडून अचानक बंगाली येऊ लागली. ती स्वतःला शारदा म्हणायची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमधली विवाहिता, सर्पदंशाने गेलेली. ही अवस्था कधी दिवसभर, कधी कित्येक आठवडे टिकायची आणि त्या काळात तिला मराठी समजायचं नाही. इयन स्टीव्हन्सन, सतवंत पसरिचा आणि व. वि. अकोलकर यांनी तिचा अभ्यास केला. शारदेने सांगितलेल्या पुरुष नातेवाइकांची नावं बंगालमधल्या एका चट्टोपाध्याय घराण्याच्या वंशावळीशी बरीचशी जुळली.

दुसऱ्या बाजूला: तिला बंगालचं आकर्षण आधीपासून होतं, बंगाली साहित्य तिने वाचलेलं होतं, लिपी थोडीफार शिकलेली होती. भाषातज्ज्ञांनी तिच्या बंगालीवरही आक्षेप घेतले. मला पुनर्जन्म पटत नाही. पण ‘नाटक होतं’ हेही मला आळशी उत्तर वाटतं. घरचे, कामाची जागा, स्वतःची भाषा, सगळं आठवडेच्या आठवडे गमावणारी बाई मौज म्हणून ते करत नसते. मन दुभंगून स्वतःसाठी दुसरं आयुष्य रचतं, हा विचार मला भुतापेक्षा जास्त हादरवतो.

बर्म्युडा त्रिकोण?

तितक्या वर्दळीच्या समुद्रात व्हावेत तितकेच अपघात तिथे होतात. पुढचा प्रश्न.

आमच्या घरात कपडे आपोआप पेटतात, दगड पडतात, अंगावर फुल्या उमटतात. भानामती आहे असं एक बाबा म्हणतात. काय करू?

इथे मी गमती थांबवते.

बाबाला पैसे देऊ नका, आणि शेजारणीवर, जावेवर, विधवा आत्यावर संशय घेऊ नका. अशा प्रकरणांत नरेंद्र दाभोलकरांनी उभ्या केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी मराठवाड्यात आणि इतरत्र वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन शोध घेतला आहे. त्यांचा अनुभव असा की हे सगळं करणारा हात घरातलाच असतो, आणि तो बहुतेकदा घरात ज्याचं कोणी ऐकत नाही अशा माणसाचा. शाळा सुटलेली मुलगी. सासरी कोंडलेली सून. कार्यकर्ते त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत फोडत नाहीत, एकट्याशी बोलतात, कारण शोधतात. मला या सगळ्या छंदातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते.

कायदाही आहे. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळदंड, करणीचा आरोप करून कोणाचं जगणं मुश्किल करणं, साप चावलेल्याला दवाखान्यात न जाऊ देता मंत्र मारणं, हे सगळं गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार दंड. जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि या कायद्याचा दक्षता अधिकारी कोण, असं विचारा.

बाईमाणसाने रात्री-बेरात्री असल्या जागी फिरायचं?

स्मशानात मला कधी कोणी त्रास दिला नाही. स्टँडवर दिला आहे. सोबत एकजण, चार्ज केलेला फोन, चांगली बॅटरी, पायात बूट. पडक्या वाड्यात भुतापेक्षा कुजलेला जिना आणि घोणस जास्त धोक्याची. मालकाला विचारल्याशिवाय आत जायचं नाही, आणि देवराईत गावाने ‘नको’ म्हटलं तर नको. तिथे माझं कुतूहल त्यांच्या देवापेक्षा मोठं नाही.

तुमच्या स्वतःच्या वहीत न उलगडलेलं काही आहे का?

एक पान आहे. मे महिना, आजोळ, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. ओटीवरून समोरच्या डोंगराच्या कुशीत एक पिवळट उजेड दिसला, जमिनीपासून माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर. तो डावीकडून उजवीकडे चालत गेला, मधे दोनदा थांबला. पाच मिनिटांनी नाहीसा. मी आणि मावसबहीण, दोघींनी न बोलता वेगवेगळं लिहिलं. दोघींच्या कागदांवर दोन थांबे.

सकाळी त्या डोंगरावर गेले. करवंदीची जाळी, खाली सरळ तुटलेला कडा, गुरांचीही वाट नाही. शिकारीला गेलेले कोणी असतील का, विचारलं. त्या रात्री कोणी गेलं नव्हतं, किंवा गेलेले सांगत नव्हते. काजवे नव्हेत, उजेड एकच आणि स्थिर होता. पलीकडच्या रस्त्यावरच्या गाडीचा दिवा असेल म्हणून दुसऱ्या रात्री भावाला मोटरसायकल घेऊन पाठवलं. त्याचा दिवा ओटीवरून दिसलाच नाही.

मामा सुपारी कातरत बसला होता. मी वहीत ‘कारण’ असं लिहून पुढे रकाना कोरा सोडला, तो त्याने पाहिला.

‘अगो, देवचार आपल्या वाटेन गेलो,’ तो म्हणाला. ‘तू टायम कित्याक लिवन ठेवतंस?’